बंदीतली बाटली आणि घरातले माप

केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम काढून ई-सिगारेटवर देशभर बंदी घातली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये संसदेने त्याचे कायद्यात रूपांतर केले. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, जाहिरात यांपैकी काहीही केल्यास पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. पुन्हा तेच केल्यास तीन वर्षे आणि पाच लाख. ज्याच्या जागेत जाणूनबुजून साठा ठेवला जातो, त्या मालकाला वा ताबेदाराला सहा महिने किंवा पन्नास हजार. कायदा कडक आहे, यात वाद नाही. ओढणाऱ्याला मात्र त्यात थेट शिक्षा सांगितलेली नाही. मग ओढणारा काय करतो? तयार वस्तू महाग आणि चोरटी झाली, की तो सुटे घटक आणून स्वतःच मिसळू लागतो. या घरगुती मिसळणीच्या प्रश्नाकडे आपल्याकडे आरोग्य खात्यापासून पालकांपर्यंत कोणाचेच लक्ष नाही.

बीडसारख्या जिल्ह्यात हा प्रकार फोफावला आहे, असा कोणाचाही दावा नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करताना आढळले. त्यांत धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. ई-सिगारेटचे नाव ऐकलेले लोकच त्या वेळी देशात तीन टक्क्यांच्या आसपास होते. बीडची खरी व्यथा मिश्री, गुटखा आणि चुना-तंबाखू हीच आहे. परंतु गेवराईचा किंवा केजचा मुलगा शिक्षणासाठी पुण्यात वा छत्रपती संभाजीनगरात राहतो, सुटीत घरी येतो, आणि शहरातली सवय त्याच्या पिशवीतून गावात येते. शिवाय निकोटीन मोजणे, उकळणे आणि बाटलीत भरून ठेवणे ही गोष्ट आपल्या शेतकऱ्याला वाटते तितकी परकी नाही.

कपाशीवरील माव्यासाठी तंबाखूचा काढा हा जुना उपाय. अर्धा किलो तंबाखूचा चुरा साडेचार लिटर पाण्यात दिवसभर भिजवायचा किंवा अर्धा तास उकळायचा, त्यात साबणाचे पाणी घालायचे आणि सहा-सात पट पाणी मिसळून फवारायचे, हे कृषी विस्ताराच्या पुस्तिकांतून वर्षानुवर्षे सांगितले गेले. सुभाष पाळेकर यांच्या नैसर्गिक शेतीतील अग्निअस्त्रातही तंबाखू आहेच. हा काढा म्हणजे दुसरे काही नसून पाण्यात उतरवलेले निकोटीन होय. निकोटीन सल्फेट या नावाने तेच कीटकनाशक म्हणून विकलेही जात असे. आता देशात त्याच्या वापरास बंदी असून निर्यातीपुरते उत्पादन करता येते. आज कृषी सेवा केंद्रात सर्रास मिळणारे इमिडाक्लोप्रिड ज्या निओनिकोटिनॉइड गटातले, त्या गटाच्या नावातच निकोटीन आहे. कीटकाच्या मज्जातंतूंवर दोन्ही एकाच ठिकाणी आघात करतात. तात्पर्य, ज्याला शहरी मुले ‘लिक्विड’ म्हणतात, त्याचा मुख्य घटक हा शेतकऱ्याच्या ओळखीचे विष आहे. फरक एवढाच, की काढ्यात ते विरळ असते आणि बाटलीत घट्ट.

या द्रवात चार गोष्टी असतात : प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि सुगंधी अर्क. निकोटीनचे प्रमाण प्रत्येक मिलिलिटरमागे किती मिलिग्रॅम, अशा रीतीने मोजतात. युरोपीय संघात ग्राहकाला मिळणाऱ्या द्रवात ते २० मिलिग्रॅमच्या वर असू शकत नाही आणि बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही. घरी मिसळणारा मात्र घट्ट द्रावण आणतो. समजा ते १०० मिलिग्रॅमचे आहे आणि त्याला ६ मिलिग्रॅमचा ३० मिलिलिटर द्रव हवा आहे. हिशेबाने १.८ मिलिलिटर पुरे. दशांश चिन्ह नजरेतून सुटून १८ मिलिलिटर पडले, तर तयार होतो ६० मिलिग्रॅमचा द्रव; युरोपच्या कमाल मर्यादेच्या तिप्पट. हा कागदावरचा हिशेब, तोही बाटलीवरचा आकडा खरा आहे असे धरून. बंदीच्या बाजारातून आलेल्या बाटलीवरचा आकडा कोणी तपासलेला असतो? ज्या वस्तूच्या विक्रीलाच परवानगी नाही, तिच्या लेबलाला जबाबदार कोण?

मापाच्या बाबतीत आपली सवयही फारशी भरवशाची नाही. एका पंपाला दोन झाकणे, हे आपल्या शिवारातले प्रमाण. झाकण कोणत्या कंपनीचे, किती मिलिलिटरचे, हे विचारण्याची पद्धत नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा अनेक कीटकनाशके एकाच ड्रममध्ये मिसळण्याच्या प्रथेवर बरीच चर्चा झाली. ती चर्चा हंगामाबरोबर संपली. झाकणाने मोजणाऱ्या घरातला मुलगा सिरिंजने आणि तराजूने काटेकोर मोजेल, अशी अपेक्षा बाळगण्यास काही आधार नाही. त्यातही ग्लिसरीन पाण्यापेक्षा बरेच जड आणि चिकट. ते आकारमानाने मोजताना सिरिंजच्या भिंतीला राहते, त्यामुळे अनुभवी लोक ते वजनाने मोजतात. वजनाने मोजायचे तर ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा हवा. किराणा दुकानातला काटा त्या कामाचा नव्हे.

प्रश्न केवळ निकोटीनचा असता तर एक वेळ समजण्यासारखे होते. ग्लिसरीन तर निरुपद्रवी, औषधाच्या दुकानात मिळणारे, आजीने ओठांना लावायचे, असा आपला समज. पण महाराष्ट्राला ग्लिसरीनचा कटू इतिहास आहे. १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण मरण पावले ते औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमुळे. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे औद्योगिक द्रावक होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने पुरवठादारापासून रुग्णालय आणि अन्न व औषध प्रशासनापर्यंत सर्वांची झाडाझडती घेतली आणि पुढे आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. एवढे होऊनही धडा पुरला नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात खोकल्याच्या औषधाने मुले दगावली, त्यांतील अनेकांना उपचारांसाठी आपल्या नागपुरात आणले होते. त्या औषधाच्या नमुन्यात हेच द्रावक ४८.६ टक्के आढळले. परवानाधारक कारखान्यातून, तपासणीच्या साखळीतून येणाऱ्या औषधाची ही अवस्था, तर कॅनमधून सुटे ओतून घेतलेल्या ग्लिसरीनची शाश्वती कोण देणार? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये ई-सिगारेटच्या काही कार्ट्रिज तपासल्या, तेव्हा एका कार्ट्रिजमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल सुमारे एक टक्का निघाले होते. ती तर कंपनीची तयार कार्ट्रिज होती.

सुगंधाचे असेच. आइस्क्रीमसाठी मिळणारा इसेन्स पोटात गेला तर पचतो, म्हणून फुफ्फुसातही चालेल, हा तर्क घातक आहे. लोण्याचा वास देणारे डायअसेटिल खाण्यात वर्षानुवर्षे वापरले गेले, पण अमेरिकेतील मिसूरी राज्यात पॉपकॉर्नच्या कारखान्यातील कामगारांनी ते श्वासावाटे घेतले आणि त्यांच्या श्वासनलिका कायमच्या आकसल्या. तेलयुक्त अर्काने फुफ्फुसाला सूज येते, ती वेगळीच. २०१९-२० मध्ये अमेरिकेत वाफ ओढणाऱ्यांच्या फुफ्फुसविकाराची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाल्याची वा दगावल्याची नोंद झाली, त्यांतले मृत्यू ६८. गांजातील अंमली घटक असलेल्या चोरट्या द्रवात दाटपणासाठी मिसळलेले ‘ई’ जीवनसत्त्वाचे अॅसिटेट हे त्याचे प्रमुख कारण ठरले. तेही त्वचेला लावायला निर्धोकच.

साठवणीचा मुद्दा मात्र ओढणाऱ्यापुरता राहत नाही, तो घरातल्या सर्वांचा होतो. उष्णता, उजेड आणि हवा लागली की निकोटीन तांबूस पडते आणि त्याचा कस जातो. म्हणून ते गडद काचेच्या बाटलीत, घट्ट बुचाने, थंड जागी ठेवावे असे सांगतात. बीडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा थंड जागा म्हणजे फ्रिज, आणि फ्रिज म्हणजे दूध, सरबत आणि लहान मुलांचा हात. बाटली रिकाम्या औषधाची, डोळ्यांच्या थेंबांची किंवा सरबताची. वास आंब्याचा नाहीतर स्ट्रॉबेरीचा. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील एका गावी वर्षाचे मूल असा द्रव पोटात गेल्याने दगावले आणि जानेवारी २०१६ मध्ये तेथे मुलांना न उघडणाऱ्या झाकणाची सक्ती करणारा कायदा झाला. आपल्याकडे बिहारमधील सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये माध्यान्ह भोजनाने २३ मुले गेली ती कीटकनाशकाच्या डब्यात तेल ठेवल्यामुळेच. निकोटीनची घातक मात्रा किती, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. जुनी पुस्तके प्रौढाला ३० ते ६० मिलिग्रॅम सांगतात, तर २०१४ मध्ये ऑस्ट्रियातील औषधशास्त्रज्ञ बर्न्ड मेयर यांनी ती अर्ध्या ग्रॅमच्या वर असल्याचे मांडले. जास्तीचा आकडा धरला तरी घट्ट द्रावणाच्या एका चमच्यात ५०० मिलिग्रॅम भरतात, आणि तो हिशेब प्रौढाचा आहे. निकोटीन कातडीतूनही शिरते. सांडलेले पुसताना हातमोजे हवेत, हेही कितींना ठाऊक असते?

बंदी उठवावी, असे येथे सुचवायचे नाही. पण बंदीने वस्तू नाहीशी होत नाही, तिचे रूप बदलते, हे महाराष्ट्राला गुटख्याने शिकवले आहे. जुलै २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी आली आणि लवकरच पानमसाला एका पुडीत व तंबाखू दुसऱ्या पुडीत मिळू लागली. मिसळण्याचे काम कारखान्यातून गिऱ्हाइकाच्या तळहातावर आले, इतकेच. तळहातावरची ही मिसळ कर्करोगाला निमंत्रण देते, तरी ती त्याच क्षणी जीव घेत नाही. निकोटीनच्या घट्ट द्रावणाला तेवढी सवड नसते.

तेव्हा निकडीचा प्रश्न रुग्णालयाच्या दारातला आहे. मळमळ, उलट्या, लाळ, घाम, पांढरा पडलेला चेहरा, मग झटके आणि मंदावणारा श्वास ही निकोटीनच्या विषबाधेची लक्षणे. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात कीटकनाशक प्यालेला रुग्ण ही रोजची बाब असल्याने डॉक्टरांचा पहिला अंदाज सेंद्रिय फॉस्फरसकडे जाणे स्वाभाविक आहे; सुरुवातीची लक्षणे बरीच सारखी असतात. निकोटीनला स्वतःचा असा उतारा नाही, श्वास आणि रक्तदाब सांभाळणे हाच उपचार, आणि त्यासाठी बाटलीत काय होते हे पहिल्या काही मिनिटांत कळायला हवे. आष्टी-पाटोद्याकडचा माणूस तर अहिल्यानगर जवळ म्हणून तिकडे धावतो. वाटेतच बराच वेळ जातो. अंगावर सांडले असेल तर भरपूर पाण्याने धुवावे, उलटी करवू नये, १०८ ला बोलवावे आणि बाटली सोबत न्यावी.

नेमके येथेच कायदा आडवा येतो, निदान लोकांच्या मनात तरी. विषबाधेची नोंद पोलिसांकडे जाते, हे प्रत्येक गावाला माहीत आहे. घरात बंदीची वस्तू होती हे उघड झाले तर वडिलांवर जागेचा ताबेदार म्हणून बालंट येईल, या भीतीने बाटली उकिरड्यात जाते आणि डॉक्टरांना ‘काहीतरी खाल्ले’ एवढेच सांगितले जाते. साठ्याचे कलम पाहिले तर त्याचा रोख गोदाम आणि दुकानावर असल्याचे दिसते, पण अर्धी बाटली ‘साठा’ ठरते की नाही हे गावात कोण समजावून सांगणार? आरोग्य खात्याने आणि पोलिसांनी मिळून एक साधे परिपत्रक काढावे : उपचारासाठी आणलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांनी बाटली डॉक्टरांच्या हाती दिली, तर त्या कारणावरून त्यांच्यावर गुन्हा नोंदवला जाणार नाही. आशा कार्यकर्तीला ते तोंडपाठ असावे, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर सर्पदंशाच्या फलकाशेजारी ते लावावे.