गुलाल धुवा आणि पळायला लागा



अग्निवीर भरतीच्या अंतिम यादीत यंदा ज्या पोरापोरींचं नाव लागलं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. गावात मिरवणूक निघाली असेल. चौकात फ्लेक्स लागला असेल. आईनं ओवाळलं असेल, मामानं जेवायला बोलावलं असेल. हे सगळं तुमच्या हक्काचं आहे. थंडी-पावसात पहाटे उठून पळालात, तेव्हा हा दिवस दिसला. पण प्रशिक्षण केंद्रावर हजर व्हायला अजून काही आठवडे आहेत, आणि नेमके हेच आठवडे बहुतेक जण वाया घालवतात.

मी सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली काही वर्षं रंगरुटांना शिकवण्यात गेली. प्रत्येक बॅचमध्ये एक गोष्ट दिसायची. भरतीच्या ग्राउंडवर सगळ्यांच्या पुढे धावलेला एखादा गडी तिसऱ्या आठवड्यात लंगडत एमआय रूमच्या, म्हणजे केंद्रावरच्या दवाखान्याच्या रांगेत उभा असायचा. खोदून विचारलं की कळायचं, यादी लागली त्या दिवसापासून हा पळालाच नव्हता. दोन महिने जेवणावळी, रात्री उशिरापर्यंत मोबाईल, सकाळी आठला उठणं. आणि मग एकदम केंद्रावरचा दिवस. शरीर ते कसं सोसणार?

भरतीची परीक्षा एका सकाळची असते. लष्करात मुलांना १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर ६० गुण, दहा बीम, म्हणजे पुल-अप्स, मारल्या तर ४० गुण. नऊ फुटांचा खड्डा ओलांडायचा, तोल सांभाळत नागमोडी पट्टीवरून चालायचं, झालं. प्रशिक्षण मात्र महिनोन् महिने चालतं. तिथं एका दिवसाचा जोर उपयोगी पडत नाही. काल दमलेला माणूस आज पुन्हा उभा राहतो का, एवढंच तिथं पाहिलं जातं. कुणी बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात जाईल, कुणी खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये, कुणी नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात, कुणी अहिल्यानगरला. नौदलाची मुलं ओडिशात चिल्काला जातील. लष्करी पोलिसांत निवड झालेल्या मुली बंगळूरला जातील. तिथूनच मे २०२१ मध्ये ८३ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. गाव कुठलंही असो, पहिला महिना सगळीकडे सारखाच अंगावर येतो.

आधी पाय

रंगरुटाला घरी बसवतात ते पाय. कमी छाती किंवा कमी ताकद यांमुळे तेवढे जण मागे पडत नाहीत. दम आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात. हाडाला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून बसून राहिलेला माणूस एकदम जास्त पळू लागला की नडगीच्या हाडाला बारीक चीर जाते. ती टाळायचा उपाय साधा आहे. आजपासून थोडं थोडं पळा आणि दर आठवड्याला थोडंच वाढवा.

सहा आठवडे हातात असतील तर असं करा. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड तीन किलोमीटर पळा, शेजारच्याशी बोलता येईल इतक्या सावकाश. पुढचे तीन आठवडे ते पाच किलोमीटरवर न्या. डांबरी रस्ता सोडा. शेताची वाट, शाळेचं मैदान, नदीकाठ, जिथं माती असेल तिथं पळा. मधल्या दिवशी जोर, बैठका, बीम आणि दोरावर चढणं ठेवा. आठवड्यातून एकदा पाठीवर पिशवी घेऊन आठ-दहा किलोमीटर चाला. पिशवीत आधी चार किलो, मग हळूहळू दहा किलोपर्यंत वजन. पुढे बीपीईटी या शारीरिक चाचणीत पाठीवर सामान आणि हातात रायफल घेऊन पाच किलोमीटर पळायचं आहे, त्याची ही बाराखडी. शेवटच्या आठवड्यात सगळं निम्म्यावर आणा. थकलेलं अंग घेऊन केंद्राच्या गेटवर जाऊ नका.

आयुष्यभर चप्पल नाहीतर स्पोर्ट शूज घातलेल्या पायांना चामडी बूट चावतात. घरात कुणाचे जुने जाड बूट असतील तर रोज तासभर घालून फिरा. नखं सरळ कापा. मोजे रोज धुतलेले घाला, बोटांच्या बेचक्यांत ओल राहू देऊ नका. फोड आला तर तो फोडू नका. हे किरकोळ वाटेल, पण एका फोडामुळे चार दिवस पीटी बुडते आणि त्या चार दिवसांत बाकीची प्लाटून पुढे निघून जाते.

मग पोट आणि झोप

महागडे डबे विकत घेऊ नका. भाकरी, डाळ, मोड आलेली मटकी, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, अंडी, दूध आणि नाचणी एवढं घरात असतंच. मुलींनी जाण्याआधी रक्त तपासून घ्यावं. हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळ्या सुरू कराव्यात. पालेभाजीवर लिंबू पिळावं आणि जेवल्या जेवल्या चहा घेऊ नये, कारण चहामुळे अन्नातलं लोह अंगी कमी लागतं.

तंबाखूची पुडी आजच फेका. ताकदीची इंजेक्शनं कुणी देऊ केली तर त्याच्याशी बोलणंच सोडा. आणि दुखणं दाबायची गोळी खाऊन पळू नका. ती हाडाचं दुखणं लपवते आणि पाणी कमी प्यालेल्या शरीरात मूत्रपिंडाला त्रास देते.

केंद्रावर चार-साडेचारला उठावं लागेल. एका रात्रीत ही सवय लागत नाही. दर तीन-चार दिवसांनी झोपेची वेळ पाव-पाव तास अलीकडे आणा आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. तिथं तो हवा तेव्हा हातात मिळणारच नाही. ती सवय इथंच मोडलेली बरी.

मनाची पीटी

पहिल्या दिवशी मुलांचे केस जातील. एका बरॅकमध्ये ओळीनं खाटा लागतील आणि शेजारचा पोरगा कदाचित वेगळी भाषा बोलणारा असेल. आज्ञा हिंदीत येतील: सावधान, विश्राम, दाहिने मुड, पीछे मुड, तेज चल, थम. कानाला त्यांची आत्ताच ओळख करून घ्या, म्हणजे तिथं निम्मा गोंधळ कमी होईल. हिंदीत चार वाक्यं बोलायचीही लाज सोडा.

उस्ताद, म्हणजे शिकवणारा, ओरडेल. एकानं चूक केली तर कधी सगळी प्लाटून शिक्षा भोगेल. चार किलोची रायफल डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या मारताना मनात येईल, माझा काय दोष? मी त्या बाजूला उभा राहिलेला माणूस आहे, म्हणून सांगतो. ते ओरडणं तुमच्या घराण्यावर नसतं, जातीवर नसतं, गावावर नसतं. पुढे एकाच्या हलगर्जीपणानं दहा जणांचा जीव जाऊ शकतो, ते अंगात मुरावं म्हणून ती सामायिक शिक्षा असते. राग मनात धरू नका आणि उलटही बोलू नका. दिलेलं काम करा आणि पुढच्या कामाला लागा.

सगळ्या प्रशिक्षणाचा एकदम विचार करू नका. नाश्त्यापर्यंतचा करा. मग जेवणापर्यंतचा, मग रात्रीच्या हजेरीपर्यंतचा. घराची आठवण येणारच. पहिल्या पंधरवड्यात रात्री पांघरुणात रडलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांतलीच पुढे उत्तम जवान झालेली पाहिली आहेत. रडू आलं म्हणजे आपण कच्चे, असं समजू नका. शेजारच्या खाटेवरचाही तेच सोसतो आहे. त्याच्याशी बोला. त्याचे बूट पॉलिश करायचे राहिले असतील तर हात लावा. उद्या तो तुमच्या पांघरुणाची घडी घालून देईल.

चार वर्षांनी काय, हा प्रश्नही पोखरतो. अग्निपथ योजनेत जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढे कायम ठेवलं जातं, हे तुम्हाला ठाऊक आहे. काळजी खोटी नाही. पण त्यावर आज करण्यासारखं एकच आहे: प्रशिक्षणात काम चोख ठेवणं. आणि बारावीनंतरचं शिक्षण राहिलं असेल तर ते पूर्ण करायचं, हे मनाशी आत्ताच पक्कं करा.

दुखलं तर सांगा

ही गोष्ट सर्वात कळकळीनं सांगतो. आपण मागच्या बॅचमध्ये ढकलले जाऊ या भीतीनं मुलं दुखणं लपवतात. नडगीवर एका ठिकाणी बोट दाबल्यावर कळ येते, पळताना वाढते, रात्रीही थांबत नाही, तर त्याच दिवशी एमआय रूममध्ये जा. खूप कष्टानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, किंवा उन्हात चक्कर येऊन बोलणं अडखळू लागलं, तर एक मिनिटही थांबू नका. शेजारच्याला तसं होताना दिसलं तर तुम्ही ओरडून सांगा. वेळेवर सांगितलेलं दुखणं काही आठवड्यांचं असतं. लपवलेलं दुखणं नोकरी घेऊन जातं, आणि कधी जीवही.

आई-वडिलांना दोन शब्द

फोन आला की आधी "जेवलास का" विचारा. "जमत नसेल तर ये परत," असं पहिल्याच फोनवर म्हणू नका. आणि "परत आलास तर तोंड दाखवू नको," असं तर कधीच म्हणू नका. घरची भांडणं, कर्जाचे हप्ते, जनावराचं आजारपण हे त्याच्या कानावर घालायची घाई करू नका. त्याच्या आवाजात बदल वाटला तर शांतपणे विचारा आणि नुसतं ऐकून घ्या.

प्रशिक्षण संपल्यावर होणाऱ्या कसम परेडच्या दिवशी आई-वडील मैदानाच्या कडेला बसतात आणि बराच वेळ त्यांना आपलं लेकरू सापडत नाही. सगळे एकसारखे दिसतात. सगळ्यांची पावलं एकत्र पडतात. कुणीतरी आई शेजारणीला विचारते, "माझा कुठला हो?" त्या दिवशी तुमच्या आईनं तुम्हाला त्या ओळीत शोधावं, असं वाटत असेल तर मिरवणुकीचा गुलाल आज रात्रीच धुवून टाका. गजर पाव तास अलीकडचा लावा. बूट दाराशी ठेवा.