भागाला पारितोषिक, मालिकेला मत

'डॉक्टर हू' ही ब्रिटिश विज्ञानमालिका उतरणीला लागली, हे विधान आता इतक्या सहजपणे केले जाते की त्याला पुरावा मागणे म्हणजे अरसिकपणा ठरावा. तरीही कोणी मागितलाच, तर ह्यूगो पारितोषिकांची यादी पुढे सरकवली जाते. 2006 ते 2012 ह्या सात वर्षांत लघुनाट्यकृतीचे ह्यूगो ह्या मालिकेने सहा वेळा घेतले. 2013 ते 2025 ह्या तेरा वर्षांत एकदाही नाही. झाली उतरण सिद्ध! विद्यार्थ्यांच्या टिपणांत हेच वाचायला मिळते आणि, सांगायला संकोच वाटतो, त्यांना शिकवणाऱ्यांच्या व्याख्यानांतही. आम्हांला ही सिद्धता मान्य नाही. आमच्या मते ह्या यादीत मालिकेच्या गुणवत्तेचा आलेख नसून मतदारांच्या वाचनपद्धतीत झालेल्या बदलाचा आलेख आहे, आणि तो बदल फारसा अभिमानास्पद नाही.

आधी पारितोषिकाविषयी थोडे, कारण यादी उद्धृत करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तिचे नियम पाहिलेले असतात. ह्यूगो 1953 पासून दिले जाते. त्याला परीक्षक मंडळ नाही. वर्ल्डकॉन ह्या जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सभासद मत देतात, तेही पसंतिक्रमाने. (त्यामुळे एकाच मालिकेचे दोन भाग यादीत आल्याने 'मते फुटली' ही सबब येथे फारशी चालत नाही.) 2003 साली नाट्यकृतींच्या विभागाचे दोन तुकडे झाले: दीर्घ आणि लघु, आणि मधली रेघ नव्वद मिनिटांची. लघु विभागात मालिका उभी राहत नाही, तिचा एखादा भाग उभा राहतो. मत मागितले जाते ते त्या भागासाठी. आमचे सारे म्हणणे ह्या एका गोष्टीवर आधारलेले आहे.

'डॉक्टर हू'चा पहिला भाग 23 नोव्हेंबर 1963 रोजी प्रक्षेपित झाला आणि जुनी मालिका 1989 पर्यंत चालली. त्या काळात तिची गणना कोठे होत होती? 1975 साली ब्रिटनच्या लेखक संघाने तिला लेखनाचे पारितोषिक दिले, ते मुलांच्या मालिकांच्या वर्गात. 2005 मध्ये रसेल टी. डेव्हिस यांनी तिचे पुनरुज्जीवन केले आणि पुढच्याच वर्षी तिला सर्वोत्तम नाट्यमालिकेचा बाफ्टा मिळाला. मुलांच्या नव्हे, मोठ्यांच्या वर्गातला. त्याच वर्षी ह्यूगोची रांग सुरू झाली. मालिका एका रात्रीत मुलांची राहिली नाही, असे कोणी मानणार नाही. बदलली ती तिला पाहणाऱ्यांची नजर. पारितोषिकांचा आधार घेणाऱ्यांनी हा पहिलाच प्रसंग नीट पाहिला असता, तर दुसऱ्या प्रसंगाविषयी ते जरा सबुरीने बोलले असते.

आता त्या सहा विजयांकडे पाहू. सहांपैकी चार स्टीवन मॉफट यांच्या लेखणीतून उतरलेले: 'द एम्प्टी चाइल्ड'ची जोडकथा, 'द गर्ल इन द फायरप्लेस', 'ब्लिंक' आणि 2011 चा 'पँडोरिका'चा जोडभाग. ह्यांपैकी 'ब्लिंक' आम्ही आदर्श मानतो, आणि त्याचे कारण चमत्कृती नव्हे. 2007 साली वर्षाला चौदा भाग चित्रित करायचे तर प्रमुख नट एकाच वेळी दोन ठिकाणी लागतो. म्हणून एखादा भाग असा लिहावा लागे, की ज्यात डॉक्टर जवळजवळ नाहीच. मॉफट यांनी मालिकेच्या वार्षिकासाठी पूर्वी लिहिलेली एक छोटी कथा घेतली आणि सॅली स्पॅरो नावाच्या, मालिकेत आधी कधी न आलेल्या आणि नंतरही कधी न येणाऱ्या तरुणीच्या हाती सगळा भाग सोपवला. डोळे मिटले की जवळ सरकणारे दगडी देवदूत, आणि ध्वनिमुद्रित डॉक्टरच्या अर्ध्या संवादाला दुसरा अर्धा पुरवणारी सॅली. आमच्यातल्या एकाने मालिकेचे नावही न ऐकलेल्या विद्यार्थ्यांना हा भाग दाखवला. शेवटी वर्गाने उजेडाचे बटण दाबायला कोणाला उठू दिले नाही. त्याच वर्गाला पुढे 'गेम ऑफ थ्रोन्स'चा 'द रेन्स ऑफ कॅस्टामियर' दाखवला, तेव्हा मेजवानीतल्या कत्तलीच्या ऐन क्षणी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, ह्यातला आपला कोण?"

प्रश्न भाबडा नाही. 'कॅस्टामियर'चा आघात मागच्या अठ्ठावीस भागांच्या ठेवीवरचे व्याज आहे. कादंबरीतले प्रकरण म्हणून तो थोर असेल, पण कथा म्हणून तो उभाच राहत नाही. कथा आणि कादंबरीतले प्रकरण ह्यांतला भेद आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतो, आणि छोट्या पडद्यासमोर बसताच स्वतः विसरतो. 2013 आणि 2014 अशी सलग दोन वर्षे 'गेम ऑफ थ्रोन्स'ला ह्यूगो मिळाले. तेथून पुढे मत भागाच्या नावाने पडू लागले, पण मालिकेला.

हे केवळ आमचे मनोगत नव्हे. 2013 ते 2025 ह्या तेरा विजेत्यांपैकी सात भाग एखाद्या हंगामाचे किंवा आख्ख्या मालिकेचे शेवटचे भाग आहेत. 2015 ला 'ऑर्फन ब्लॅक', 2016 ला 'जेसिका जोन्स', 2017 आणि 2022 ला 'द एक्स्पान्स' ह्यांच्या हंगामांचे समारोप; 2021 ला 'द गुड प्लेस', 2023 ला 'द एक्स्पान्स', 2025 ला 'स्टार ट्रेक: लोअर डेक्स' ह्यांचे अखेरचे निरोप. समारोपाला मत देणे म्हणजे सेवानिवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ देणे. त्यात कृतज्ञता असते, समीक्षा नसते. आणि 'डॉक्टर हू'ची गंमत अशी की तिला समारोप करताच येत नाही. नायक मरतो तो नव्या देहात उठण्यासाठी; मालिकेची रचनाच न संपण्याची आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये डिस्नेने बीबीसीशी असलेली भागीदारी सोडल्याचे जाहीर झाले, तेव्हा आमच्या मनात एक दुष्ट विचार आला: मालिका खरोखरच बंद पडली, तर शेवटच्या भागाला ह्यूगो नक्की.

आक्षेप येतील, आणि त्यांतला एक आम्हीच घेतो. 'पँडोरिका'चा 2011 चा विजेता जोडभागही हंगामाचा समारोपच होता. 2010 च्या अंतिम यादीत 'डॉक्टर हू'चे तीन भाग होते, आणि त्यांतले 'द नेक्स्ट डॉक्टर' व 'प्लॅनेट ऑफ द डेड' हे दोन, प्रामाणिकपणे सांगायचे तर, सुमार होते. 2012 ला जिंकलेल्या 'द डॉक्टर्स वाइफ'चे लेखक नील गेमन ह्यांच्या नावावर तोवर अनेक ह्यूगो जमा होते. मत भागाला पडले की नावाला, हे कोण सांगणार? 2014 ला तर यादीत ह्याच मालिकेचे दोन भाग, तिच्या जन्मकथेवरचे एक दूरचित्रनाट्य आणि तिच्यावरचे एक विडंबन, असे चौघे एकदम बसले होते. पुढे एका मालिकेचे दोनांहून अधिक भाग यादीत येऊ नयेत असा नियमच झाला. तेव्हा नावाला मत देण्याची खोड ह्या मालिकेच्या भरभराटीतच लागली, हे आम्ही नाकारत नाही. ज्या सवयीने तिला वर चढवले, तीच पुढे दुसऱ्यांच्या कामी आली.

पण म्हणून उतरण सिद्ध होत नाही. 2015 च्या नोव्हेंबरात आलेला 'हेवन सेंट' पाहा. पीटर कपाल्डी जवळजवळ एकटे. एक किल्ला, मागे लागलेला एक सावकाश चालणारा प्राणी, आणि हिऱ्याहून कठीण भिंतीवर अब्जावधी वर्षे पडत राहणारी एका माणसाची मूठ. शोकाची पुनरावृत्ती हाच कथेचा आकृतिबंध झाला आहे, आणि असे फार क्वचित साधते. दिग्दर्शिका रेचल टॅलले ह्यांनी तीच ती दृश्ये अशी जोडली आहेत की प्रत्येक फेरी आधीची आठवण ठेवून येते. 'ब्लिंक'हून हा भाग आम्ही वरचा मानतो. 2016 ला तो 'जेसिका जोन्स'च्या समारोपापुढे हरला.

आणि 2019. त्या वर्षी यादीत 'डीमन्स ऑफ द पंजाब' होता, नाटककार विनय पटेल ह्यांनी लिहिलेला. ऑगस्ट 1947, पंजाबातले एक शेत, मुसलमान उम्ब्रीन आणि हिंदू प्रेम ह्यांचे लग्न, आणि त्यांच्या अंगणावरून जाणारी सीमारेषा. परग्रहावरून आलेले दोन मारेकरी खुनासाठी आलेले दिसतात. उलगडते ते असे की ते मारेकरी राहिलेलेच नाहीत. एकाकी मरणाऱ्यांपाशी कोणी साक्षीला नसते, म्हणून ते येऊन उभे राहतात. डॉक्टरला सर्व ठाऊक असते आणि काहीही करता येत नाही. प्रेम आपल्या सख्ख्या भावाने आणलेल्या टोळीच्या गोळीने मरतो. फाळणीवरची मराठी, हिंदी, उर्दू कथा वाचलेल्या वाचकाला ह्यात उणिवा दिसतील. साम्राज्याचा दोष भावाच्या माथी जरा स्वस्तात मारला आहे, आणि स्पेनमधले ते डोंगर पंजाबचे वाटत नाहीत ते नाहीतच. तरीही विज्ञानकथेची एक चिरपरिचित युक्ती, परग्रहावरचा शत्रू, येथे उलटवून शोककर्त्याच्या जागी ठेवली आहे, आणि हे सारे पन्नास मिनिटांत, मागचे काहीही न पाहिलेल्या माणसालाही कळेल असे. ह्यूगो मिळाले 'द गुड प्लेस'च्या 'जॅनेट्स'ला. त्यात एकच अभिनेत्री चार परिचित पात्रांच्या लकबी उचलते. कौशल्य निर्विवाद, पण ती चार पात्रे ज्याला आधीच जिवाभावाची नाहीत त्याला त्यातले निम्मे अदृश्य. ज्यांना व्हिटेकर-चिबनल पर्व म्हणजे सरसकट घसरण वाटते, त्यांनी हे दोन भाग शेजारी ठेवून पाहावेत आणि मग आमच्याशी भांडावे.

मतदारांची नजर कायमची गेली, असेही आम्ही म्हणत नाही. 2024 ला 'द लास्ट ऑफ अस'चा 'लाँग, लाँग टाइम' जिंकला. दोन वयस्क पुरुषांचा संसार, मुख्य कथेपासून जवळजवळ सुटा. तो 'डॉक्टर हू'चाच भाग शोभला असता. मग 2025 आले. यादीत '73 यार्ड्स' होता. ह्याही वेळी प्रमुख नट दुसऱ्या चित्रीकरणात अडकलेला, ह्याही वेळी डॉक्टर पहिल्या काही मिनिटांत नाहीसा, आणि रूबी नावाची मुलगी एकटी. दूर, नेमक्या त्र्याहत्तर यार्डांवर उभी असलेली एक बाई तिच्या आयुष्यभर तिच्या मागे. जवळ जाऊन त्या बाईशी बोलणारा प्रत्येक जण, रूबीची आईसुद्धा, घाबरून तिला सोडून पळतो. ती बाई काय बोलते, हे शेवटपर्यंत सांगितले जात नाही. 2008 ला 'ब्लिंक' ज्या अडचणीतून घडला आणि जिंकला, त्याच अडचणीतून घडलेला हा भाग 'लोअर डेक्स'च्या निरोपसमारंभात मागच्या रांगेत बसून राहिला.