फ्लॅटमधली बाई आणि काडेपेट्या

ॲनिमेशन म्हटलं की आपल्याकडे अजूनही दोनच गोष्टी डोळ्यांसमोर येतात. उंदीर-मांजराची पकडापकडी, नाहीतर गदा घेतलेला छोटा हनुमान. सत्तरीच्या बाईनं चष्मा पुसून बघावी अशी कार्टून फिल्म असते, असं सांगितलं तर लोक हसतात. हसू देत. या आठवड्यात मी अशाच एका फिल्मबद्दल सांगणार आहे. लांबी फक्त १५ मिनिटं. म्हणजे तुमच्या लंच ब्रेकमध्ये बघून होईल आणि वर डबा खायलाही वेळ उरेल.

नाव 'प्रिंटेड रेनबो', साल २००६. केलीय मुंबईच्या गीतांजली राव यांनी. जे.जे.मध्ये अप्लाइड आर्ट शिकल्या, राम मोहन यांच्या स्टुडिओत ॲनिमेशनचे धडे गिरवले. ('ऑक्टोबर'मधली हिरॉइनची आई आठवतेय? त्याच त्या!) गोष्ट म्हणाल तर एवढीशी. शहरातला एक फ्लॅट, त्यात एक म्हातारी बाई आणि तिची मांजर. आजूबाजूचं जग सगळं करडं. पण बाईंकडे काडेपेट्यांचा साठा आहे. एकेक काडेपेटी हातात घ्यायची आणि तिच्या छापावरच्या रंगीत चित्रात शिरायचं. बस्स. भाषण नाही, घोषणा नाही. कानच्या क्रिटिक्स वीकमध्ये या पंधरा मिनिटांनी तीन पुरस्कार मिळवले.

आता शेगावचा संबंध सांगते.

शेगावला माझी आत्या राहते. एकटी. आतोबा जाऊन नऊ वर्षं झाली. दोन खोल्या, ओसरी, अंगणात कडुलिंब, आणि मंदिर चालत जाण्याइतकं जवळ. गेलं वर्षभर आमच्या फॅमिली व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच टॉपिक चालू आहे : आत्याला पुण्याला आणायचं. तिच्या मुलानं, म्हणजे आमच्या दादानं, वाकडला टू बीएचके घेतलाय. लिफ्ट आहे, सिक्युरिटी आहे, डॉक्टर खालीच. शेगावचं घर काढून टाकायचं, गिऱ्हाईकही तयार आहे. सगळ्यांचा जीव आहे तिच्यावर, त्यात खोट नाही. फक्त त्या ग्रुपवर आत्या नाही. तिच्याकडे साधा फोन आहे.

तर तिला 'पटवण्याचं' काम माझ्याकडे आलं. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं शेगावला उतरले, आधी कचोरी खाल्ली (ती न खाता स्टेशनाबाहेर पडणं हा फाऊल आहे) आणि घरी पोचले. रात्री जेवणं झाल्यावर सहज म्हणून लॅपटॉपवर ही फिल्म लावली. आत्या जागची हलली नाही. संपल्यावर म्हणाली, "मायबाई! हिच्या घरी येत नाई का वं कोणी?"

म्हटलं, अगं शहरात असंच असतं.

"आन् तुमी मले तिथंच नेऊन राह्यले?"

घ्या!

शाळेत आपण सगळ्यांनीच 'स्त्रीचे समाजातील स्थान' हा निबंध लिहिलाय. स्थान म्हणजे काहीतरी मोठं, उंचावर असलेलं असं तेव्हा वाटायचं. आत्याच्या लेखी स्थान म्हणजे ओसरी. तिथं बसलं की येता-जाता चार जणी विचारतात, शेजारची पोर पाढे म्हणायला येते, भाजीवाली पाणी प्यायला टेकते. आता याचा अर्थ शेगाव म्हणजे स्वर्ग, असं मी अजिबात म्हणत नाहीये. याच चार जणी संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं करायला मात्र तिचं दार टाळून पुढे जातात. नऊ वर्षं! आत्या त्यावर काही बोलत नाही. त्या दिवशी ती पापड लाटायला काढते.

हे ज्यांना सहन झालं नसतं, त्या बाई आमच्याच जिल्ह्यातल्या. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. सुरतेतल्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला १८८१ मध्ये स्वतःचं मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून बायकांच्या चालचलणुकीवर झोड उठली. ताराबाईंनी १८८२ मध्ये उत्तरादाखल 'स्त्री-पुरुष तुलना' छापलं : जे दुर्गुण बायकांना चिकटवता, ते पुरुषांत नाहीत काय? जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मरणात गेलं, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा वाचकांसमोर आणलं. कुठे तो ताराबाईंचा आसूड आणि कुठे ही मुकाट काडेपेटीवाली! पण दोघींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. बाईबद्दल सगळे बोलतात, बाईला कोणी विचारत नाही.

दुसऱ्या रात्री आत्यानंच फर्माईश केली, "त्या बाईचं दुसरं लाव." म्हणून 'बॉम्बे रोझ' लावला. गीतांजली राव यांचा हा पूर्ण लांबीचा सिनेमा. २०१९ मध्ये व्हेनिसच्या क्रिटिक्स वीकचा पडदा यानं उघडला आणि २०२१ च्या ८ मार्चला तो नेटफ्लिक्सवर आला. सुमारे ६० कलाकारांनी दीड वर्ष एकेक फ्रेम रंगवलीय. कमला बालविवाहातून पळालेली, दिवसा फुलं विकणारी, रात्री बारमध्ये नाचणारी. दुबईच्या नोकरीचं गाजर दाखवणारा एक गडी आहेच. खरं सांगू का, गोष्ट मध्ये थोडी भरकटते, लव्हस्टोरीचा पाकही जरा जास्त झालाय. पण कमला बघताना मला आपल्याकडची २००५ ची डान्सबारबंदी आठवत राहिली. तीही म्हणे बायकांच्या भल्यासाठीच होती. बारबालांनी मोर्चे काढले, आमच्या पोटाचं काय म्हणून विचारलं. हायकोर्टानं २००६ मध्ये बंदी रद्द केली, सुप्रीम कोर्टानं ते २०१३ मध्ये उचलून धरलं. तोवर कितीजणी कुठे गेल्या, कोण मोजणार?

आत्याला डान्सबारचं काही पडलं नव्हतं. तिला कमलाची धाकटी बहीण तारा आवडली. ती शिकते म्हणून.

निघायच्या दिवशी शिदोरी बांधता बांधता तिनंच विषय काढला. दिवाळीनंतर दोन महिने येईन म्हणाली. "पण घर इकाचं नाई. आन् किल्ली माह्यापाशीच."

मी ग्रुपवर तिचे शब्द जसेच्या तसे टाकले. दादाच्या दोन निळ्या टिका दिसतायत, उत्तर अजून नाही. गिऱ्हाईक रविवारी घर बघायला येणार आहे.