रॅलीचा टायर आणि सोलापूरचे रिमोल्डवाले

पुणे-हैदराबाद व विजयपूर-तुळजापूर हे दोन महामार्ग जेथे परस्परांस छेदतात, त्या सोलापुरात मालमोटारींचा राबता अहोरात्र असल्यामुळे झिजलेल्या टायरावर नवा पट्टा चढविण्याच्या धंद्यास गिऱ्हाइकाची वाण सहसा पडत नाही; तथापि तोच हुन्नर मोटार-रॅलीच्या टायरापर्यंत नेता येईल काय, याचा विचार आमच्या व्यवसायबंधूंनी आता करावा असे आम्हांस वाटते. 1992 साली येथेच स्थापन झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स कंपनीने इंजिनाच्या एकाच भागावर लक्ष एकवटून परदेशी मोटार-कारखानदारांपर्यंत मजल मारली, हा दाखला घरचाच आहे.

मात्र जागतिक अजिंक्यपदाकडे पाहून कोणी हुरळू नये. तेथील टायरांचा मक्ता एकाच कंपनीकडे असतो. 2021 ते 2024 तो पिरेलीकडे होता, 2025 पासून हँकूककडे आहे. एमआरएफच्या टायरांवर एफ्रेन यारेना याने 2022 साली युरोपीय अजिंक्यपद जिंकले हे भूषणावह खरेच, पण त्या कंपनीचा खजिना आणि आपला गल्ला यांची तुलना ती काय करायची! आपल्या वकुबास साजेसा कित्ता ब्रिटनमधील कोलवे, किंगपिन अशा लहान नावांचा: निवडक जुन्या केसिंगवर रॅलीचा पट्टा चढवून हौशी स्पर्धकांस परवडेल असा माल देणे.

कच्च्या वाटेवरच्या टायराचे ठोकळे खोल व सुटे असतात, कारण वरचा सैल मुरूम दूर सारून खालचा टणक थर पकडणे हे त्यांचे काम. असे ठोकळे साच्यातून काढणे कुशल रिमोल्डवाल्यास अशक्य नाही. अडचण निराळीच आहे. दख्खनच्या काळ्या पत्थराची धार टायराच्या कुशीवर बसते, आणि कुशीतील दोऱ्यांची ताकद केसिंगबरोबरच आलेली असल्याने ती मागाहून भरता येत नाही. मऊ रबर पकड देते पण उन्हाळ्यात तापून ठोकळे फाटतात. कडक रबर टिकते पण घसरते. येथे लहान कारखानदाराची सरशी होऊ शकते, कारण चालकाची तक्रार ऐकून पुढच्याच घाण्यात काजळीचे व तेलाचे प्रमाण बदलण्यास त्याला कोणाची मंजुरी लागत नाही. परंतु हीच मुभा त्याचा घातही करते: एका गाडीचे चार टायर दोन निरनिराळ्या घाण्यांतले निघाले, तर वळणावर ती गाडी कोणीकडे झुकेल याचा भरवसा कारागिरालाही देता येणार नाही.

म्हणून प्रत्येक केसिंगचे मूळ, वय व तपासणी, आणि प्रत्येक घाण्याचे मिश्रण, तापमान व वेळ यांचे दफ्तर आधी घालावे, ज्या स्पर्धेसाठी माल द्यावयाचा तिच्या नियमावलीत रिमोल्ड चालतो काय हे लेखी विचारून घ्यावे. नव्या साच्याची रक्कम त्यानंतर गुंतवावी.