दोष शोधण्याची विद्या

पायथन ही संगणकभाषा हल्लीं कित्येक शाळांतून शिकविली जाते. गिदो व्हान रॉसम या डच गृहस्थांनीं ती १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केली. तिच्यासोबत येणाऱ्या टिकिंटर या साधनानें पडद्यावर खिडकी उघडतां येते व तींत बटन, लेबल, मजकुराची चौकट असे अवयव मांडतां येतात. त्यांस विजेट म्हणतात. पहिली खिडकी उघडली कीं मुलाचा आनंद गगनांत मावत नाहीं. पण दुसऱ्याच क्षणीं बटन भलतीकडे गेलेलें दिसतें, चित्र उमटतच नाहीं, आणि तो हिरमुसला होतो. अशा वेळीं त्यानें काय करावें, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पुष्कळ विद्यार्थी अशा प्रसंगीं कोणाचा तरी तयार उतारा नकलून घेतात. आमच्या मतें ही संवय घातक आहे. एक उदाहरण घेऊं. ग्रंथालयाच्या नोंदीसाठीं केलेल्या खिडकींत लेबलें वेडींवांकडीं बसलीं, म्हणून मुलानें ‘प्लेस’ ही रीत उसनी घेऊन प्रत्येक विजेटची जागा, उंची व रुंदी आंकड्यांनीं ठरवून टाकली. घरीं सारें ठीक दिसलें. परंतु ज्या संगणकावर अक्षर मोठें होतें, तेथें मराठी नांवांचीं शेवटचीं अक्षरें तुटलीं व वेलांट्या-उकार कापले गेले. मूळचा रोग केवळ झांकला गेला होता.

वस्तुतः या बिघाडांचीं कारणें थोडीं व समजण्याजोगीं असतात. एकाच चौकटींत ‘पॅक’ व ‘ग्रिड’ या दोन रीती एकत्र केल्या तर टिकिंटर हरकत घेतें. एका घरांत दोन कारभारी नसावेत, हाच तो न्याय. खिडकी मोठी केली तरी आंतील विजेट वाढत नाहींत, कारण ग्रिडमधील रांगेचें व स्तंभाचें ‘वेट’ आपण न सांगितल्यास शून्य धरलें जातें. फंक्शनच्या आंत तयार केलेलें चित्र दिसत नाहीं, कारण फंक्शन संपतांच त्या चित्राला धरून ठेवणारें नांवच उरत नाहीं. आणि बटनास फंक्शनचें नांव देतांना पुढें कंस लिहिला, तर तें फंक्शन बटन दाबण्याची वाट न पाहतां खिडकी बांधतांनाच चालून जातें.

हीं कारणें पाठ करावींत असें आमचें म्हणणें नाहीं. तीं शोधावींत कशीं, हें शिकावें. संगणकानें दाखविलेला चुकीचा मजकूर शेवटच्या ओळीपासून वाचावा. बहुधा कारण तेथेंच असतें. मग प्रत्येक चौकटीस निराळा रंग द्यावा, म्हणजे कोणती किती जागा व्यापते तें दिसतें. तरीहि उलगडा न झाला तर एकेक विजेट काढून पाहावें, व एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि बिघाड गेला, तर तो कशानें गेला हें कोणास सांगतां यावें?

कोणी म्हणेल, परीक्षा जवळ आली असतां एवढा वेळ कोठून आणावा? हा आक्षेप खोटा नाहीं. केवळ चालणाऱ्या प्रोग्रामासच गुण मिळत राहिले, तर मुलें नक्कलच करणार. म्हणून शिक्षकांस आमची विनंति आहे कीं, बिघाड कोणता, तर्क काय केला, पडताळा कसा घेतला, याची वही विद्यार्थ्यांस ठेवावयास लावावी व तिलाहि गुण द्यावेत. पालकांनींहि “इतका वेळ बसून झालें काय?” असें विचारण्यापूर्वीं ती वही एकदां उघडून पाहावी.

उसन्या उताऱ्यानें आजचें काम निभावेल. परंतु उद्यांचा बिघाड निराळा असेल, आणि त्या वेळीं उतारा देणारा जवळ असेलच असें नाहीं. विद्यार्थिमित्रांनो, पुढच्या वेळीं खिडकी बिघडली, तर कोणास विचारण्यापूर्वीं ती शेवटची ओळ आपण स्वतः वाचा.