बोटांना न दिसणारे चित्र

नवे घर किंवा नवी पेढी सजवताना भिंतीवर काय लावावे, हा प्रश्न आता पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. कॅलेंडर आणि काचेच्या तसबिरी मागे पडल्या असून जुनी ऐतिहासिक चित्रे ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर छापून घेण्याची आवड वाढली आहे. पत्र्यावर विशेष लेप दिलेला असतो. उष्णतेने रंगाची वाफ होते आणि ती त्या लेपात मुरते. चित्र ओलाव्याने फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही आणि ओल्या फडक्याने पुसता येते. व्यवहारी माणसाला पटावी अशीच ही वस्तू आहे.

अशा चित्रांत अंधांच्या शिक्षणाशी संबंधित जुनी फ्रेंच चित्रेही असतात. शाळा, रुग्णालय किंवा धर्मादाय संस्थेच्या दिवाणखान्यात ती शोभून दिसतात. मात्र त्यांपैकी एका चित्राची कथा जाणून घेतल्यावर त्याच्याकडे केवळ शोभेची वस्तू म्हणून पाहता येत नाही.

ते चित्र १७७१ मधील पॅरिसच्या सेंट ओव्हिड जत्रेचे आहे. मूळ चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले होते. त्यात एका कॉफीगृहातील अंध वादकांचा ताफा दिसतो. त्यांना लांब झगे आणि टोकदार टोप्या घातल्या आहेत, डोळ्यांवर पुठ्ठ्याचे मोठे चष्मे चढवले आहेत आणि समोर संगीताचे कागद उघडून ठेवून त्यांपाशी दिवे लावले आहेत. ज्यांना दिसत नाही त्यांच्यापुढे कागद आणि दिवे मांडणे, हाच त्या खेळातील विनोद होता. लोक पोट धरून हसत आणि मालकाचा गल्ला भरत असे.

त्या गर्दीत व्हॅलेंतँ आयुई नावाचा एक गृहस्थ होता. परभाषांतील कागदपत्रांचा अनुवाद करणे हा त्याचा व्यवसाय. त्याला मात्र हसू आले नाही. या थट्टेच्या जागी सत्य आणायचे, अंधांना खरोखर वाचायला शिकवायचे, असा निश्चय आपण तेथे केला, असे त्याने पुढे लिहून ठेवले.

निश्चय कृतीत येण्यास तेरा वर्षे लागली. १७८४ मध्ये एका चर्चच्या दारात भीक मागणारा फ्रांस्वा लेस्युअर हा अंध तरुण त्याला भेटला. त्याचे वय सतराच्या आसपास होते. आयुईने दिलेले नाणे हातात पडताच मुलाने स्पर्शाने त्याची किंमत ओळखली आणि देणाऱ्याची चूक तर झाली नाही ना, असे विचारले, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. आयुईने त्याला शिकवण्याचे ठरवले, परंतु भीक थांबली तर त्याच्या घरचे खाणार काय? तेव्हा बुडणारे उत्पन्न भरून देण्याचे आयुईने कबूल केले. दान नुसत्या कळवळ्यावर टिकत नाही, त्याला हिशोबही लागतो, हे त्या गृहस्थाला उमगले होते.

पुढे एका छापील पत्रिकेच्या मागील बाजूस उमटलेले अक्षर लेस्युअरच्या बोटांना जाणवले. त्यातून उठावाच्या अक्षरांत पुस्तके छापण्याची कल्पना रुजली. १७८५ मध्ये पॅरिसमध्ये शाळा उभी राहिली आणि डिसेंबर १७८६ मध्ये तिच्या विद्यार्थ्यांनी व्हर्सायच्या राजवाड्यात सोळाव्या लुईसमोर वाचून दाखवले. पंधरा वर्षांपूर्वी कागदापुढे बसवून ज्यांच्यासारख्यांची थट्टा झाली, त्यांच्याच हातात आता खरा कागद होता.

परंतु कथा येथे संपत नाही. आयुईची अक्षरे नेहमीच्या रोमन लिपीचीच, फक्त उठावाची होती. डोळसांना ती सुंदर वाटत, बोटांना मात्र ती सावकाश लागत, आणि अंध विद्यार्थ्याला ती स्वतः लिहिता येत नसत. ही उणीव त्याच शाळेतील एका विद्यार्थ्याने भरून काढली. लुई ब्रेल १८०९ मध्ये जन्मला. खोगीर आणि चर्मसाज बनवणाऱ्या वडिलांच्या कामशाळेत खेळताना, वयाच्या तिसऱ्या वर्षी धारदार हत्यार डोळ्याला लागले आणि पुढे दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. एका लष्करी अधिकाऱ्याच्या बारा ठिपक्यांच्या लिपीवरून त्याने १८२४ मध्ये, अवघ्या पंधराव्या वर्षी, सहा ठिपक्यांची लिपी घडवली. एका बोटाखाली एक अक्षर मावू लागले. लिहिण्यास पाटी आणि टोकदार सळई पुरेशी होती.

तरीही डोळस चालकांना ठिपके रुचले नाहीत. दिसायला ते अक्षरांसारखे नव्हते, एवढेच कारण मोठे ठरले. काही काळ शाळेतच त्या लिपीवर बंदी आली. ब्रेल १८५२ मध्ये वारला आणि अधिकृत मान्यता १८५४ मध्ये मिळाली. भारतात १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली आणि मराठीही तीच सहा ठिपक्यांची वाट चालू लागली.

या साऱ्या इतिहासाचे सार एका वाक्यात सांगता येते: अंधांसाठी जे करायचे त्याची कसोटी डोळा नव्हे, बोट आहे. ती कसोटी भिंतीवरील त्या पत्र्यालाही लावून पाहावी. पत्रा गुळगुळीत असतो. अंधांच्या शिक्षणाचा गौरव करणारे चित्र खुद्द अंध माणसाच्या हाताला थंड, सपाट धातूपलीकडे काहीच सांगत नाही. १७७१ च्या ताफ्यापुढे ठेवलेल्या कागदांची आठवण येथे अपरिहार्यपणे होते. हेतू चांगला असला, तरी मांडणी तीच राहते.

उपाय अवघड किंवा खर्चिक नाही. असे चित्र एखाद्या संस्थेला भेट देताना खाली हात पोहोचेल अशा उंचीवर त्याचे नाव, वर्ष आणि चार ओळींचे वर्णन ब्रेलमध्ये बसवावे. ब्रेलचे ठिपके धातूच्या पत्र्यावर उत्तम उठतात, छापखान्यातही जस्ताच्या पत्र्यांचा उपयोग होतो. शक्य असल्यास माणसांच्या आकृत्यांच्या बाह्यरेषा उठावाच्या करून घ्याव्यात. मजकूर तपासण्याचे काम ब्रेल वाचणाऱ्या व्यक्तीलाच द्यावे आणि त्या श्रमाचे मोलही द्यावे. देणाऱ्याचे नाव कोरण्यास जेवढी जागा ठेवतात, तेवढीच जागा या ओळींना पुरते.

पेढीवर माल देताना घेणाऱ्याची गरज आधी विचारण्याची रीत आहे. भेट देतानाही तीच रीत पाळली, तर भिंतीवरील त्या चित्रासमोर एखादा अंध विद्यार्थी थांबेल, बोट फिरवेल आणि आपल्या लिपीची कथा कुणाच्याही मदतीवाचून वाचून पुढे जाईल.