पंक्चर आणि स्वावलंबन

गतवर्षी परीक्षेच्या सकाळी माझा एक विद्यार्थी मुरारहून लष्करकडे येताना वाटेत खोळंबला. चाकात बाभळीचा काटा रुतला होता. सायकल नवी, टायर ट्यूबलेस. “हिला पंक्चर होतच नाही,” असे तो अभिमानाने सांगत असे. त्या दिवशी पेपरचा पहिला अर्धा तास त्याने गमावला.

त्याची समजूत अर्धीच खरी होती. या टायरमध्ये निराळी ट्यूब नसते. टायरची कड रिमवर घट्ट बसून हवा कोंडून राहते, आणि आत बहुधा रबराच्या चिकापासून केलेला द्रव असतो. छिद्र पडताच तो तेथे धावतो व गोठतो. आम्हां कोकणच्या लोकांस हे नवल वाटू नये. रबराच्या झाडाचा घाव त्याच्याच चिकाने बुजतो. परंतु टायरमधील हा द्रव काही महिन्यांत वाळतो. या मुलाने तो वर्षभर पाहिलाही नव्हता.

दुरुस्ती अवघड नाही. बारीक छिद्र असल्यास ते खाली येईल असे चाक फिरवून थोडे थांबावे. मोठे असल्यास रबरी पट्टी टोच्यात ओवून तयार ठेवावी, मगच काटा उपसून ती छिद्रात दाबावी व हवा भरावी. टायर फाटलाच, तर आत साधी ट्यूब घालून घर गाठता येते. ट्यूबच्या सायकलीचा नियम निराळा: ठिगळ लावण्यापूर्वी टायर आतून चाचपून काटा काढलाच पाहिजे, नाहीतर तोच काटा पुन्हा ट्यूब भेदतो.

डनलॉप यांनी १८८८ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले. तेव्हापासून साधने सुधारत आली. पण सुधारलेले साधन माणसाला निष्काळजी होण्याची मुभा देत नाही. उलट, जो टायर आपली जखम लपवितो, त्याची चौकशी अधिक करावी लागते.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, आठवीतील प्रत्येक मुलाने व मुलीने एकदा तरी स्वतःच्या हाताने पंक्चर काढावे. एखादा शनिवार त्यासाठी पुरे. पालकांनीही “हात काळे होतील” म्हणून मुलांस अडवू नये. काळे झालेले हात साबणाने स्वच्छ होतात. गेलेला अर्धा तास मात्र परत येत नाही.